माळकऱ्याच्या घरातून विहाराच्या दारापर्यंत

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस राज्य शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले आणि जेमतेम दहा दिवसांच्या मुदतीत आमच्या शाळेतील पहिल्या कार्यक्रमाचे भाषण माझ्याकडे आले. हा दिवस मुळात साताऱ्याचाच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. एवढे सर्वांना ठाऊक असते. मुलांना त्यापलीकडचे काही सांगावे म्हणून मी बाबासाहेबांचे स्वतःचे लेखन काढून बसलो, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत मला एका मुलाचा आणि वडिलांचा संवाद सापडला.

रामजी सुभेदार कबीरपंथी होते. घरात भजने होत, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. पुढे दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भिवाला भेट दिले. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, आपण आम्हाला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही आणि ज्या ग्रंथांत शूद्रांना व अस्पृश्यांना कमी लेखले आहे ते का वाचायला लावले? वडिलांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनगंड येण्याचा संभव असतो आणि लहान स्थितीतून मोठी झालेली माणसे त्या ग्रंथांत भेटतात. वडिलांच्या म्हणण्यात काही तथ्य होते, पण माझे समाधान झाले नाही, असे बाबासाहेब लिहितात. आणि पुढे असेही सांगतात की, त्या लहान वयातही आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, तुलना करण्यासाठी आपल्याजवळ काहीतरी होते. भाषण चांगले झाले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण वडिलांना तसा प्रश्न मी माझ्या आयुष्यात कधीच विचारला नव्हता.

आमचे गाव फलटण तालुक्यात, तरडगाव आणि फलटणच्या दरम्यान, माउलींच्या पालखीच्या वाटेवर आहे. नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला विसावते, चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते, आणि मग ती आमच्या शिवारावरून जाते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेथून दिंडीत सामील होतात आणि पंढरपूरचा गोपाळकाला झाल्याशिवाय परत येत नाहीत. मी अकरा वर्षांचा असताना आळंदीला माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली गेली. माळ घातली म्हणजे मांस-मद्य वर्ज्य, एकादशी पाळायची, हरिपाठ चुकवायचा नाही, आणि माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्नाला शिवायचे नाही. हे सारे मी पाळले, आणि ओझे म्हणून नव्हे. संध्याकाळी आबांच्या टाळाच्या ठेक्यावर हरिपाठ म्हणताना मला जे मिळाले, ते मी आजही कमी लेखत नाही. हे आधीच सांगतो, कारण दुसऱ्या धर्माकडे वळून पाहणारा माणूस आपल्या घरच्या धर्माला कंटाळलेला किंवा त्याने दुखावलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या बाबतीत तसे काही नव्हते.

आमच्या शाळेतील एक सहकारी शिक्षक बौद्ध आहेत. बारा वर्षे आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसत होतो, आणि त्या बारा वर्षांत मी त्यांना त्यांच्या धम्माविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. २०१८ च्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारले की, मला विहारात येता येईल का. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “येता येईल. पण पाहुणे म्हणून येऊ नका. पाहुण्यांचे सत्कार करण्यात आमचे फार रविवार गेले.” त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी मागे चटईवर बसलो, आणि माझी ओळख करून देऊ नये अशी विनंती केली.

पहिल्या दिवशी मला काही कळले नाही. पांढरी वस्त्रे नेसलेल्या बायका, मेणबत्त्या, अगरबत्तीचा वास आणि पाली भाषेतील वंदना. भाषेचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष अर्थाआधी शब्दांकडे गेले. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ असे येते. त्यात आज्ञा नाही आणि कोणा देवाला दिलेला शब्दही नाही. ‘अमुक गोष्टीपासून दूर राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो’ एवढेच त्यात आहे. माळ घालताना मी जे कबूल केले होते ते पांडुरंगाच्या साक्षीने केले होते आणि ते मोडले तर त्याच्याशी लबाडी होणार होती. येथे साक्षीदार कोणी नव्हता. माणूस स्वतःच शिकणारा आणि स्वतःच तपासणारा. हा फरक मला सुरुवातीला मोकळा वाटला, आणि नंतर काही महिने फार एकाकी वाटला. चुकलो तर ‘माउली, सांभाळ’ असे म्हणायची सवय असलेल्या माणसाला, सांभाळणारे कोणीच नाही ही गोष्ट नुसती समजून घेणेही जड जाते.

पाचांपैकी चार शीले माझ्या माळेने मला आधीच दिली होती, असे मी मनाशी म्हणत असे. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, दारू नाही. चौथ्या शीलापाशी, खोटे न बोलण्यापाशी, मी अडकलो. कारण दर रविवारी सकाळी मी घरी ‘शाळेच्या कामाला जातो’ असे सांगून बाहेर पडत होतो, आणि अर्ध्या तासाने विहारात बसून ‘मुसावादा वेरमणी’ म्हणत होतो. चार-पाच महिने हे चालले. शेवटी पत्नीला सांगितले. ती रागावली नाही. पण मुलीचे लग्न दोन-तीन वर्षांवर आले आहे, गावात काय बोलतील याचा विचार केलास का, असे तिने विचारले. तिच्या प्रश्नात भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. आबांना तू स्वतः सांग, दुसऱ्याकडून त्यांना कळता कामा नये, एवढी एकच अट तिने घातली.

मी गावी गेलो आणि रात्री जेवणे झाल्यावर आबांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, इठोबा म्हंजीच बुद्ध. नववा अवतार. आपल्या पंचांगात चित्र हाय की. मग ह्यात भांडण कुठं आलं?” मला सुटल्यासारखे झाले. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांत आणि देवळांच्या भिंतींवर दशावतारातील बुद्धाच्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसतो, हे खरेच आहे. संतांच्या अभंगांतही हा उल्लेख येतो. त्या रात्री मला वाटले की माझा शोध संपला, दोन्ही घरे एकाच भिंतीला टेकलेली आहेत.

ते समाधान महिनाभर टिकले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मी तोवर ऐकल्या होत्या, पण एकेक करून वाचल्या नव्हत्या. दुसऱ्या प्रतिज्ञेत राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही असे आहे. पाचव्या प्रतिज्ञेत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, असे आहे, आणि तो खोडसाळ प्रचार आहे असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. आबांनी मला जो पूल दाखवला होता, तोच पूल येथे जाणूनबुजून तोडलेला होता.

विहारात येणारे एक वृद्ध गृहस्थ एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात. मी माझी अडचण त्यांच्यापुढे मांडली, आणि सोबत अशीही शंका विचारली की, २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना बाबासाहेबांनीच पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध असल्याचे मत मांडले होते. मग आबा म्हणतात त्यात चूक काय? काकांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. विठ्ठल हा बुद्ध आहे असे बाबासाहेब म्हणतात तेव्हा ते आपले हरवलेले परत मागत असतात. बुद्ध हा विठ्ठलाचा अवतार आहे असे तुमचे आबा म्हणतात तेव्हा ते, प्रेमाने का होईना, दुसऱ्याचे आपल्यात जमा करून घेतात. वाक्य एकच दिसते, पण कोणत्या बाजूने उच्चारले त्यावर त्याचा अर्थ ठरतो. मग काका म्हणाले, “सर, या प्रतिज्ञा आमच्या मानेवरचं जू काढायला दिल्या. तुमच्या मानेवर ते जू नव्हतंच. तुम्ही विठोबा सोडलात का, हे मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्हाला काय सोडायचंय ते वेगळं आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे.”

मला ते माहीत होते, पण मी माहीत नसल्यासारखा आणखी तीन-चार वर्षे वागलो.

त्या वर्षांत मी पुष्कळ वाचले. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज वाचन होते. आमच्या घरी चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचली जाते. जवळजवळ त्याच महिन्यांत, त्याच पावसात, दोन वस्त्यांत दोन ग्रंथ मोठ्याने वाचले जातात आणि एकीचा आवाज दुसरीला ऐकू जात नाही. मी मराठीचा शिक्षक म्हणून वाचनाची पाळी माझ्याकडे येऊ लागली. या ग्रंथाचे आठ खंड आहेत आणि तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. लहानपणापासून मी ऐकले होते की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडले. बाबासाहेब ही कथा स्वीकारत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारपण, आजार आणि मरण पाहिले नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असे ते परिचयातच विचारतात, आणि ग्रंथात वेगळी हकिकत देतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटते, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ त्याला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते, आणि त्यातून त्याचा गृहत्याग घडतो.

हे प्रकरण मी विहारात वाचले तेव्हा माझा आवाज मध्येच थांबला. माझे गाव नीरा उजव्या कालव्याच्या मुलखातले आहे. पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेल्या मी पाहिल्या आहेत. मरणाचे चिंतन करून राजवाडा सोडणारा राजपुत्र मला दूरचा वाटत असे. पाण्याच्या भांडणात आपल्याच लोकांविरुद्ध उभा राहून एकटा पडलेला तरुण मला आमच्या चावडीत बसलेला दिसला. बुद्धाशी माझे खरे नाते त्या संध्याकाळी जुळले, असे मी मानतो.

त्याच सुमारास मी कालाम लोकांना बुद्धाने केलेला उपदेशही वाचला. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, एवढाच भाग लोक बहुधा सांगतात. त्याचा पुढचा भाग अधिक अवघड आहे: त्या गोष्टीने लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की कमी होतात, आणि सुज्ञ माणसे तिला काय म्हणतात, ते स्वतः आचरून पाहा. म्हणजे नुसता नकार देऊन मोकळे होता येत नाही. तपासणीचा भार आपल्यावर येतो. विहारातील मंडळींबरोबर मी कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांवरही गेलो. त्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. मूर्ती नसलेल्या, केवळ स्तूप असलेल्या एका चैत्यात आम्ही वंदना घेतली. वीस वर्षे मी खालच्या रस्त्याने गेलो होतो आणि कधी वर चढलो नव्हतो.

२०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आबा आषाढात रोज सकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन बसत आणि मोकळा रस्ता पाहून परत येत. त्या दिवसांत मी गावीच होतो, आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर हरिपाठ म्हणत होतो. माझ्या शोधाविषयी आमचे तेव्हा बोलणे झाले नाही. तेव्हा ते करणे मला निष्ठुरपणाचे वाटले.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी नाव नोंदवले. विहारातील काहींना ते फारसे आवडले नाही. डोळे मिटून बसल्याने समाजातले दुःख दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या म्हणण्यात वजन आहे. परंतु बुद्धाने जे केले त्यातील निदान थोडेसे स्वतःच्या शरीरावर करून पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हते.

शिबिराला शुल्क नसते. शेवटी ज्याला जे द्यावेसे वाटेल ते तो देतो. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, आणि पहिल्यांदाच आलेल्यांना संध्याकाळी पाचला चहा, फळ आणि कुरमुरे. या काळात आपापल्या धर्माची पूजा, जप, उपवास सर्व थांबवायचे, आणि जपमाळा-ताईत यांसारख्या वस्तू जवळ ठेवायच्या नाहीत, असा नियम असतो. हे मी आधी वाचले होते, पण मोबाइल आणि पाकीट जमा करताना हात गळ्याकडे गेला तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. तीस वर्षांहून अधिक काळ ती माळ माझ्या अंगावरून उतरली नव्हती. मी ती काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवून दिली. सेवकाने पिशवीवर क्रमांक लिहिला. त्याच्या दृष्टीने ती इतर वस्तूंसारखी एक वस्तू होती.

पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. या काळात माझा हात नकळत कितीतरी वेळा गळ्याकडे गेला. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना पाहायच्या, हवीशी वाटली तरी धरायची नाही, नकोशी वाटली तरी ढकलायची नाही, कारण ती बदलणारीच आहे. त्याला पालीत अनिच्च म्हणतात. आणि या दहा दिवसांतच कार्तिकी एकादशी आली. तिथे ती कोणी बोलून दाखवली नाही, पण मला तिथी पाठ होती. अकरा वाजता ताटात वरण-भात, भाजी आणि पोळी आली. कार्तिकीला अन्न खाण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती. मी खाल्ले. घास गळ्यातून उतरत नव्हता. दुपारी बसलो तेव्हा घशात एक गाठ आल्यासारखी झाली होती, आणि शिकवल्याप्रमाणे मी तिच्याकडे पाहत राहिलो. बराच वेळ मी तिला पापाची भीती समजत होतो. पण ती उलगडत गेली तसे मला स्वच्छ दिसले की ती पांडुरंगाची भीती नव्हती. तो मला समजून घेईल याची मला मनोमन खात्री होती. ती भीती आबांची होती: त्यांच्या डोळ्यांत मी कोण असेन याची. इतकी वर्षे ज्याला मी श्रद्धा म्हणत होतो, तिच्यात ही दुसरी गोष्ट किती मिसळलेली आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले. ती गाठ सुटली, पण त्या ज्ञानाने मला आनंद झाला नाही, मी रडलो.

अकराव्या दिवशी सकाळी पिशवी परत मिळाली. माळ खिशात ठेवायची असे मी ठरवले होते, तरी बसमध्ये बसल्यावर मी ती गळ्यात घातली. आता ती कोणाच्या धाकाने घातलेली नव्हती, एवढे मला माहीत होते. घालण्याचे पूर्ण कारण मात्र मला तेव्हाही शब्दांत सांगता आले नसते.

मी थेट गावी गेलो आणि आबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, माळ काढल्याची आणि कार्तिकीला जेवल्याची. ते ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. “माळ काढली हे सांगितलंस, बरं केलंस,” ते म्हणाले. “एकादशीचं त्यो इठ्ठल बघंल.” मग बऱ्याच वेळाने, मान खाली घालून, त्यांनी मला विचारले, “तू साताऱ्याच्या विहारात जातुयास. कऱ्हाडला डोंगरावर गेलास. तिकडं नाशकाकडं जाऊन आलास. आपल्या गावातल्या विहारात गेलास का कवा?”

मी गप्प राहिलो.

“तितं तुला कोन वळखत न्हाई, म्हनून जातुयास,” आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते मला खरोखरच विचारत होते.

काकांनी चार वर्षांपूर्वी जे नाव न घेता सांगितले होते, ते आबांनी नाव घेऊन सांगितले. आमच्या गावात बौद्धवस्ती ओढ्याच्या पलीकडे आहे, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. तिथे विहार आहे. मी त्या वाटेने कधीही गेलो नव्हतो. तिथली माणसे आमच्या रानात भांगलायला, ऊस तोडायला येत. त्यांच्या घरी आम्ही पाणी प्यालो नव्हतो. आमच्या घरी चोखोबांचे अभंग डोळे मिटून म्हटले जात. त्या चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि ते देऊळ त्यांच्या लोकांना उघडे होण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. हे सारे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. शिकवताना ओढा माझ्या डोळ्यांसमोर कधी आला नव्हता. दुसऱ्या धर्माचा शोध मी पुस्तकांत, लेण्यांत आणि माझ्या श्वासात घेतला, आणि जिथे त्याची किंमत मोजावी लागली असती ती पाच मिनिटांची वाट तेवढी वगळली.

२०२३ च्या बुद्धपौर्णिमेला मी गावी गेलो आणि संध्याकाळी ओढा ओलांडला. कोणाच्या तरी कामासाठी आलो असेन असे समजून दोघा-तिघांनी कोण हवे ते विचारले. मी म्हणालो, वंदनेला आलो आहे. विहारात एकदम शांतता झाली. मग एकाने चटई सरकवली. साताऱ्यात मी पाच वर्षे म्हटलेले त्रिसरण आणि पंचशील मी तिथे म्हटले, आणि माझा आवाज फुटेना. इथे मला सगळे ओळखत होते. माझ्या आजोबांनाही ओळखत होते.

वंदना झाल्यावर खीर वाटली. वाटी माझ्या हातात देणाऱ्या आजी आमच्या रानात वर्षानुवर्षे कामाला येत असत. मी त्यांना नावाने हाक मारत आलो होतो, मुलगा असल्यापासून, एकेरीत. त्या मला ‘मालक’ म्हणत. त्या दिवशी त्या काहीच म्हणाल्या नाहीत, वाटी पुढे केली आणि मी ती घेईपर्यंत हात तसाच धरून राहिल्या. मी खीर खाल्ली आणि त्यांच्याकडे पाणी मागितले. त्यांनी तांब्या आणून दिला. मी त्यांना पहिल्यांदा ‘आजी’ म्हटले. त्यांनी मान हलवली. एवढ्याने काही भरून निघाले असे मी समजत नाही, आणि त्याही तसे समजत नसाव्यात.

घरी आल्यावर आबांनी विचारले, काय दिले खायला आणि कोणाच्या हातचे. मी सांगितले. ते म्हणाले, “तिच्या सासऱ्यानं आपली थोरली हीर खांदली. बहात्तरच्या दुष्काळात. पानी लागलं तवा त्योच आत हुता. वर आला, तवा आम्ही त्याला वंजळीत वरनं पानी ओतलं. त्यानंच काढल्यालं.” आबांनी हे मला पूर्वी कधी सांगितले नव्हते. मग त्यांनी टाळ घेतले, आणि आम्ही दोघांनी हरिपाठ म्हटला.

मी अजून दीक्षा घेतलेली नाही. धर्मबदलाची नोंद राजपत्रात करण्याची रीत मला माहीत आहे; मी तो अर्ज भरलेला नाही. येवल्याला १९३५ साली धर्मांतराची घोषणा केल्यानंतर बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला, ही गोष्ट मला धीर देते. सकाळी मी पंचशील म्हणतो आणि अर्धा तास श्वास पाहत बसतो. माळ गळ्यात आहे. आत्मा नाही हे बुद्धाचे म्हणणे मला बुद्धीने पटते, आणि तरीही पालखी समोरून जाताना हात जोडले जातात. दुसरी आणि पाचवी प्रतिज्ञा उच्चारण्याइतका प्रामाणिक मी अजून झालेलो नाही, आणि अर्ध्या मनाने ती उच्चारणे हा चौथ्या शीलाचा भंग होईल.

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होणार होता, आणि गावातल्या विहारात दर रविवारी मी ग्रंथवाचन करावे असे तिथल्या मंडळींनी सुचवले. मी रोहिणी नदीच्या पाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करायचे ठरवले. आबा गोपाळकाला करून पंढरपूरहून परत आले तेव्हा मी ओट्यावर त्या पानांत खुणा घालत बसलो होतो. त्यांनी पडशी खाली ठेवली, पाय धुतले आणि शेजारी येऊन बसले. बुक्क्याचा वास येत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तुजं ते वाचायचं किती वाजता असतंय?”

सात वाजता, मी सांगितले.